जुन्या मोटारसायकलवर नंतर बसवलेल्या एक्झॉस्टची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारसायकल सुमारे ३० वर्षे जुनी, हवेने थंड होणारी, दोन सिलिंडरची आणि कार्ब्युरेटरची आहे. आधीच्या मालकाने मूळ एक्झॉस्ट काढून दुसऱ्या बनावटीचा, दोन बेंड पाइप (हेडपासून निघणारे वाकवलेले पाइप) एकाच सायलेन्सरमध्ये नेणारा संच बसवला आहे; त्याचा क्रोम सोलला आहे. आता थ्रॉटल सोडला की पाइपमध्ये फटफट असे बार उडतात, सायलेन्सरच्या तळाला गंजून भोक पडले आहे, मागच्या हँगरच्या, म्हणजे सायलेन्सर फ्रेमला टांगणाऱ्या, पट्टीजवळ तडा गेला आहे आणि एकूण आवाजही पूर्वीपेक्षा कर्कश झाला आहे. बनवणाऱ्याकडे सुटे भाग मिळत नाहीत. भोकावर ठिगळ मारून कार्ब्युरेटरला मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बसवावे, असा सल्ला एका मेकॅनिकने दिला आहे. हे योग्य आहे का, की संच सरळ बदलावा, असे तुम्ही विचारले आहे.

वर्णनावरून हा एक्झॉस्ट दुरुस्त होण्याजोगा वाटतो. ठिगळ लागेल, पण ते या कामातले पहिले पाऊल नाही. मोठ्या जेटचा विचार तर संपूर्ण संच हवाबंद झाल्याशिवाय मनातही आणू नये. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारी चार वेगळ्या ठिकाणच्या दिसत असल्या तरी माझ्या अनुभवात त्या सहसा दोनच कारणांतून येतात: संच ताणाखाली बसवलेला असतो आणि त्यात साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. ही दोन कारणे तशीच ठेवून केलेले उत्तम वेल्डिंगसुद्धा त्याच जागी, किंवा तिच्या बोटभर अलीकडे, पुन्हा फुटते.

आधी त्या बारांबद्दल. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोक्यामागे दाब वाढतो आणि लगेच बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. त्यामुळे सिलिंडर हेडपाशी जोड सैल असेल तर तिथून वायू बाहेर पडतो तसाच त्या खालच्या दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. थ्रॉटल बंद करून गाडी इंजिनावर ओढत असताना सिलिंडरमधले मिश्रण इतके विरळ होते की काही ठोके पेट घेतच नाहीत आणि न जळलेले पेट्रोल पाइपमध्ये जाते. तिथे त्याला गरम भिंत आणि गळतीतून आलेली ताजी हवा मिळाली की बार उडतो. जेट मोठे केले तर हे बार कमी झाल्यासारखे वाटतात खरे, पण मूळ गळती तशीच राहते. शिवाय इंजिन एरवी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिऊ लागते, प्लग काळे होतात, आणि पुढे कधी गळती बंद केली की कार्ब्युरेटर पुन्हा उलटा जुळवावा लागतो. म्हणून काम हेडपासून सुरू करून मागे सायलेन्सरकडे न्यायचे.

गळती शोधायला फार साधने लागत नाहीत. थंड इंजिनावर फ्लँजच्या (पाइप हेडला आवळून धरणाऱ्या कडेच्या) भोवती, दोन पाइप एकत्र येतात त्या जोडावर आणि सायलेन्सरच्या शिवणीवर नीट प्रकाश टाकून पाहा. जिथून वायू निसटतो तिथे काजळीची पंख्यासारखी पसरलेली काळी रेघ असते आणि तिचे टोक गळतीकडे असते. नंतर संच उतरवून दोन्ही बेंड पाइपांची तोंडे रबरी बुचांनी बंद करा, सायलेन्सरच्या तोंडातून हवा फुंकणाऱ्या यंत्राने हलका दाब द्या आणि सर्व जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावा. संच गाडीवर ठेवून ही चाचणी केली तर हवा उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून आत निघून जाऊ शकते आणि निष्कर्ष चुकतो. पाणी सोडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले छोटे छिद्र असेल तर तिथेही बुडबुडे येणारच. ते बुजवू नका. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

हेडच्या पोर्टमध्ये, म्हणजे जळका वायू बाहेर येतो त्या तोंडात, बसणारे गॅस्केट हे बहुधा तांब्याचे किंवा पोलादी पत्र्यात गुंडाळलेले, दाबून चपटे होणारे कडे असते. ते एकदाच दाबले जाते, म्हणून पाइप काढला की कडे नवे घालायचे, यात काटकसर करू नये. जुने कडे पोर्टच्या तळाशी इतके चिकटून बसते आणि काजळीने इतके काळे होते की ते पोर्टचाच भाग वाटते. माझ्याकडे एक दोन सिलिंडरची गाडी आली होती, तिचा डावा फ्लँज कितीही आवळला तरी फुसफुस थांबत नव्हती. पोर्टच्या कडेला टोच्याने हलके खरवडल्यावर काळ्या थराखालून तांब्याची लालसर चमक दिसली. बाहेर काढले तेव्हा एकावर एक बसलेली दोन कडी निघाली. आधीच्या कोणीतरी जुने न काढता वर नवे घातले होते, आणि पाइप त्या जाडीइतका बाहेर राहिल्यामुळे फ्लँज तिरका बसत होता. त्यामुळे तुमच्याही पोर्टमध्ये आधी टोचा फिरवून पाहा. मात्र हेड ॲल्युमिनियमचे आहे हे लक्षात ठेवा आणि पोर्टच्या बैठकीवर चरा पाडू नका.

एवढ्या जुन्या गाडीत हेडमधले स्टड (फ्लँजचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) हा खरा धोका असतो. नट जोर लावून फिरवण्याआधी दोन-तीन दिवस, दिवसातून एकदा गंज सोडवणारे तेल मुरवा. नंतर हॉट एअर गनने स्टडभोवतीचे ॲल्युमिनियम तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तापल्यावर आट्यांची पकड ढिली होते. पाना लावल्यावर नट किंचित सुटला की लगेच पूर्ण फिरवू नका. पाव फेरा सोडा, पुन्हा आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. हाताला रबरासारखी लवचिक ओढ जाणवली, म्हणजे नट फिरतो आहे पण आटे सुटत नाहीत असे वाटले, तर तो स्टड पिळला जातो आहे. तिथेच थांबा आणि पुन्हा उष्णता द्या.

तरीही स्टड तुटला आणि थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. स्टड हेडच्या पातळीत तुटला असेल तर मधोमध पंच मारून, शक्य असल्यास उलट्या फेऱ्याच्या ड्रिलने भोक पाडावे. फ्लँजलाच ड्रिलची गाइड बनवले तर भोक सरळ जाते. तुटका स्टड बाहेर काढण्याचे निमुळते, कठीण पोलादी एक्स्ट्रॅक्टर मात्र लहान स्टडमध्ये वापरू नये. ते आत तुटले तर साध्या ड्रिलने कापले जात नाहीत आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते. आटे गेले असतील तर तारेच्या गुंडाळीचा इन्सर्ट बसवावा. तो मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असतो. नवीन स्टड बसवताना तांबे किंवा निकेल मिसळलेले उष्णतारोधक ग्रीस अगदी पातळ लावावे.

आता सायलेन्सरच्या तळाचे भोक. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोलामागे सुमारे ०.९ लिटर पाणी वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमध्ये येते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून ते निघून जाते. गाडी पाच-दहा मिनिटे चालवून बंद केली तर तेच पाणी सायलेन्सरच्या थंड भिंतीवर जमते आणि सर्वांत खालच्या जागी साचते. त्यात ज्वलनातून आलेली आम्ले मिसळतात. तुमचा सायलेन्सर जाळीच्या नळीभोवती ग्लासवूल भरलेल्या प्रकारचा दिसतो. अशा सायलेन्सरमध्ये जुने, तेलकट काजळीने भरलेले ग्लासवूल स्पंजासारखे पाणी धरून ठेवते आणि ओला बोळा पत्र्याला कायम चिकटून राहतो. म्हणून भोक तळालाच पडते. पत्र्याचा बाकीचा भाग ठणठणीत असतानाही तेवढाच पट्टा चाळणीसारखा होतो. म्हणजे कर्कश आवाज आणि भोक ही एकाच जीर्ण ग्लासवूलची दोन लक्षणे आहेत. तळाला पाणी सोडण्याचे छिद्र आहे का, हे बारकाईने पाहा. अनेकदा कोणीतरी त्याला गळती समजून बुजवलेले असते.

हँगरजवळच्या तड्याचे कारण पत्रा पातळ आहे हे नसून सायलेन्सर ओढून बसवला आहे हे असते, असे मी जवळपास प्रत्येक वेळी पाहिले आहे. दुसऱ्या बनावटीचा संच तुमच्या मॉडेलसाठी म्हणून विकला गेला असला तरी हँगरचे भोक फ्रेमच्या भोकासमोर तंतोतंत येईलच असे नाही. मग बसवणारा बोल्ट घालून आवळतो आणि तेवढे अंतर पाइप वाकवून भरून काढतो. इंजिन कंप पावते, पाइप तापून लांब होतो, आणि आधीच वाकलेली जागा रोज हजारो वेळा पुढेमागे होते. एका गाडीचा असा तडा तीन वेगवेगळ्या ठिकाणी वेल्ड करून घेतला गेला होता आणि तिन्ही वेळा काही महिन्यांतच तो जुन्या शिवणीच्या कडेने परत आला. मी हँगरचा बोल्ट काढला तेव्हा सायलेन्सर टणकन खाली उतरला आणि दोन भोकांमध्ये सहा मिलिमीटर अंतर दिसले. नवी पट्टी कापून भोक योग्य जागी पाडले, झिजलेले रबर बुश बदलले आणि मग चौथे वेल्डिंग केले. त्यानंतर तिथे पुन्हा हात लावावा लागला नाही. तुम्हीही संच उतरवताना सर्वांत आधी मागचा बोल्ट सैल करा आणि सायलेन्सर कोणत्या दिशेला किती सरकतो हे मोजून लिहून ठेवा. हे मोजमाप नंतर मिळत नाही.

संच बाहेर काढल्यावर धातू कोणता हे ओळखा. लोहचुंबक जोरात चिकटत असेल तर साधे पोलाद किंवा चुंबकीय जातीचे स्टेनलेस असते. जवळपास चिकटतच नसेल तर ते बहुधा ३०४ जातीचे स्टेनलेस. साध्या पोलादावर पापुद्रे सुटणारा नारिंगी गंज असतो, तर चुंबकीय स्टेनलेसवर तपकिरी रंगाचा पातळ लेपच दिसतो. खूप हलका, चुंबक न धरणारा आणि तापलेल्या जागी निळा-जांभळा झालेला पाइप टायटॅनियमचा असू शकतो. तो पोलादाला वेल्ड होतच नाही आणि त्याचे काम त्यातल्या जाणकारावरच सोपवावे. तुम्ही क्रोम सोलल्याचा उल्लेख केला आहे, त्यावरून तुमचा संच साध्या पोलादाचा आहे असे धरून पुढचे सांगतो.

लहान हातोडीने संपूर्ण सायलेन्सर आणि पाइपांच्या खालच्या बाजू ठोकून पाहा. धडधाकट पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. शंका येईल तिथे टोच्याने दाबा. टोचा आत गेला तर त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा, आणि कापायची रेघ त्या रेघेच्याही दीड-दोन सेंटिमीटर बाहेर घ्या. उरलेला पत्रा ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर तो वेल्डिंगच्या ज्योतीपुढे मागे मागे जळत जातो आणि भोक मोठे होते. तळाचा अर्ध्याहून अधिक भाग असा निघाला, किंवा दोन पाइप एकत्र येतात त्या जोडाच्या आतली भिंत कुजलेली असली, तर तो तेवढा भाग नवा बनवून घ्यावा. बेंड पाइप चांगले असतील तर केवळ सायलेन्सरसाठी पूर्ण संच टाकून देण्याची गरज नसते.

वेल्डिंगआधीच्या सावधगिरीवर मी मुद्दाम थांबतो, कारण इथे चूक झाली तर ती गाडीला नाही, माणसाला बाधते. क्रोमच्या लेपावर थेट वेल्डिंग केले की निघणाऱ्या धुरात षट्संयोजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. शिवाय क्रोमच्या खाली निकेल आणि अनेकदा तांब्याचा थर असतो. तांबे वितळून शिवणीत गेले तर शिवण थंड होताना तडकते. म्हणून शिवणीच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन सेंटिमीटर लेप पूर्ण घासून काढा, तोही धुळीचा मुखवटा लावून. ठिगळासाठी जस्ताचा लेप असलेला पत्रा घेऊ नका, कारण जस्ताच्या धुराने ताप येतो. भाग पुसण्यासाठी ब्रेक क्लीनर वापरायची अनेकांना सवय असते. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेत आणि किरणांत त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. गाडीवर संच असताना वेल्डिंग करू नये. जवळ पेट्रोलची टाकी असते आणि वेल्डिंगचा विजेचा प्रवाह रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी वीज बदलणारा भाग) व इग्निशनचे भाग जाळू शकतो. आणखी एक गोष्ट: खूप जुन्या सायलेन्सरच्या भरावात किंवा गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. शंका असेल तर भराव पाण्याने भिजवूनच काढा, हवेच्या दाबाने कधीही फुंकू नका.

ग्लासवूल काढल्याशिवाय पत्र्यावर ज्योत धरू नये. मागचे झाकण रिव्हेटने बसवलेले असेल तर रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवा. झाकण वेल्ड केलेले असेल तर शिवणीला लागून कापा. आतला भराव बाहेर आला की जाळीची नळी दिसेल. तिची भोके काजळीने बुजलेली असतील तर तारेच्या ब्रशने मोकळी करा, कारण आवाज त्या भोकांतूनच भरावात शिरतो. नळी मधेच तुटलेली असेल तर त्याच व्यासाची नळी घाला. व्यास बदलला तर इंजिनाची जुळणी बदलते.

कुजलेला भाग कापताना कोपरे गोल ठेवा. चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. ठिगळ गंजक्या पत्र्यावर वरून चिकटवण्याऐवजी कापलेल्या जागेत काठाला काठ लावून बसवावे. वरून बसवलेल्या ठिगळाखाली पाणी अडकते आणि दोन्ही पत्रे आतून खाल्ले जातात. ठिगळाची जाडी मूळ पत्र्याएवढीच असू द्या आणि ते सायलेन्सरच्या गोलाईला पाइपावर ठोकून वळवून घ्या. आधी समोरासमोर टाके मारा, आकार सरळ आहे का पाहा, मग एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर, जागा बदलत शिवा. म्हणजे पत्रा वाकडा होत नाही. १.२ मिलिमीटर पोलादासाठी टिग (आर्गन वायूच्या आवरणात विजेने वेल्डिंग करणाऱ्या) यंत्रावर ३५ ते ५० अँपिअर पुरतात आणि भरण्यासाठी ईआर ७०एस-२ ही साध्या पोलादाची तार चालते. ऑक्सिॲसिटिलीनच्या बारीक ज्योतीनेही हे काम सुरेख होते. जुन्या कारागिरांचा हात त्यात बसलेला असतो आणि पातळ पत्र्यावर तो मला टिगच्या तोडीचा वाटतो. ज्यांचा संच स्टेनलेसचा आहे त्यांनी ३०४ साठी ३०८एल आणि स्टेनलेस साध्या पोलादाला जोडताना ३०९एल तार घ्यावी, आणि पाइपच्या आतही आर्गन सोडावा. तो न सोडल्यास शिवणीची आतली बाजू करपून काळ्या दाणेदार खपलीसारखी होते आणि तिथूनच ती फुटते.

तड्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे, अडीच ते तीन मिलिमीटरचे भोक पाडा. टोकाची धार गोल झाली की तडा पुढे सरकत नाही. मग तडा व्ही आकारात घासून भरा. त्यावर आधारपट्टी लावायची तर ती डोळ्याच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती करा. आडव्या सरळ काठाची पट्टी लावली तर ताण त्या काठाशी साचतो.

सायलेन्सर बंद करण्याआधी त्याला गाडीवर ज्या कोनात बसतो त्या कोनात धरा आणि आत थोडे पाणी ओता. ते जिथे थांबते तिथे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा. नव्या ठिगळाइतकेच महत्त्व या छिद्राला आहे. त्यातून आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

भराव भरताना जाळीच्या नळीला लागून स्टेनलेसच्या तारांचा पातळ थर गुंडाळा आणि बारीक स्टेनलेस तारेने बांधा. तो ज्वाळेचा पहिला मारा सोसतो. त्याच्यावर सायलेन्सरसाठी मिळणारी सलग धाग्यांची ई-ग्लासची चटई गुंडाळा. छपराच्या किंवा भिंतीच्या उष्णतारोधनासाठी मिळणारे पिवळे ग्लासवूल वापरू नका. त्यातला चिकट पदार्थ जळून धूर करतो आणि धागे तुटून तोंडातून उडून जातात. गच्च कोंबणे आणि ढिले भरणे या दोन्ही चुका आहेत. आवाज धाग्यांमध्ये घासून मरतो, म्हणून धाग्यांमध्ये हवा हवी, आणि पोकळी राहिली तर भराव हलून झिजतो. गुंडाळलेली नळी कवचात सरकवताना दोन्ही हातांनी ढकलावी लागेल, पण हातोडी लागणार नाही, इतपत ती घट्ट असावी. हातमोजे, चष्मा आणि मुखवटा वापरा. रिव्हेट स्टेनलेसचे घ्या, कारण ॲल्युमिनियमचे रिव्हेट या उष्णतेत सैल होतात.

दोन पाइप सायलेन्सरमध्ये शिरतात तो सरकता जोड बहुतेकदा चिरा दिलेल्या नळीवर क्लॅम्प आवळून बंद केलेला असतो. आतला पाइप चिरेच्या पलीकडे जात नसेल तर चीर उघडी राहते आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी तिथून गळती होते. आत किती लांबी शिरते ते खुणेने मोजा. यू आकाराच्या क्लॅम्पने पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी निघत नाही. रुंद पट्टीचा क्लॅम्प चांगला. जोडात एक्झॉस्टची पेस्ट पातळ लावायला हरकत नाही, पण ती वाळून काचेसारखी ठिसूळ होते, म्हणून भोक किंवा तडा भरण्यासाठी तिचा उपयोग नाही.

रंग द्यायचा तर सिलिकोनवर आधारित उष्णतारोधक रंग घ्या, तोही उघड्या, तेलरहित धातूवर, पातळ थरांत. डब्यावर दिलेल्या पायऱ्यांनी इंजिन चालू-बंद करत तो तापवल्याशिवाय पक्का होत नाही. बेंड पाइपांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याच्या मी विरोधात आहे. ती पाणी धरते आणि साध्या पोलादाचा पाइप आतून तर आतून, बाहेरूनही गंजवते. पट्टी सोडल्यावर खाली पाइपऐवजी पापुद्रे निघालेले मी पाहिले आहेत.

बसवताना क्रम पाळा. नवी कडी पोर्टमध्ये ठेवा, थोडे ग्रीस लावले की ती पडत नाहीत. बेंड पाइप, क्लॅम्प, सायलेन्सर आणि हँगर हे सगळे बोटाने फिरेल इतकेच आवळा. या स्थितीत हँगरचा बोल्ट आपल्या वजनाने भोकातून आरपार गेला पाहिजे. जात नसेल तर तुमच्या लिहून ठेवलेल्या मोजमापाप्रमाणे पट्टी बदला, पाइप ओढू नका. मग फ्लँजचे नट आळीपाळीने, थोडे थोडे, फ्लँज सरळ खाली येईल असे आवळा. किती जोर लावायचा ते तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्या. ते पुस्तक हाती नसेल तर साध्या ६ मिलिमीटर स्टडला सुमारे १० आणि ८ मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि ग्रीस लावलेल्या आट्यांना त्याहून थोडे कमी पुरते. त्यानंतर मधला क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी हँगर.

पहिल्यांदा इंजिन उघड्या हवेतच सुरू करा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभरच दाबा. संच हवाबंद असेल तर इंजिन गुदमरते, गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. पूर्ण तापून थंड झाल्यावर फ्लँजचे नट पुन्हा एकदा तपासा, कारण नवे कडे पहिल्या तापण्यात आणखी दबते. आवाज मोजायचा असेल तर उभ्या गाडीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मायक्रोफोन तोंडापासून ०.५ मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ठेवतात. कमाल शक्तीचे फेरे मिनिटाला ५००० पेक्षा जास्त असतील तर त्यांच्या निम्म्या फेऱ्यांवर इंजिन ठेवून मोजतात. सायलेन्सरवर मान्यतेची खूण कोरलेली असेल तर घासताना ती जपा.

कार्ब्युरेटरला अजून हात लावलेला नाही हे लक्षात घ्या. तीनशे किलोमीटर चालवल्यावर दोन्ही फ्लँजभोवती आणि मधल्या क्लॅम्पवर पांढरे फडके फिरवा. ते स्वच्छ निघाले आणि तरीही बार उडत असतील, तरच पायलट स्क्रू (कमी फेऱ्यांवरचे मिश्रण जुळवणारा स्क्रू) दोन्ही सिलिंडरांसाठी सारखा पाव फेरा सोडून पाहा आणि दोन्ही प्लगांचा रंग ताडून बघा. प्लग सारख्या तपकिरी रंगाचे असतील तर मुख्य जेट आहेत तेच ठेवा. एकच प्लग पांढरा दिसत असेल तर जेट बदलण्याआधी त्या बाजूच्या इनटेकच्या रबरी जोडाला भेगा आहेत का, ते तपासा. ३० वर्षांत तो रबर नक्कीच कडक झालेला असेल.